दुसऱ्या कडव्याच्या आधी

चष्मेवाला म्हणाला, "आता वरून चौथी ओळ वाचा." मी वाचायला लागले. त्यानं माझ्या नाकावर ते लोखंडी जू चढवलं होतं. त्यात तो एकेक काच सरकवतो, "आता बरं की मघाशी बरं?" असं विचारतो, आणि आपल्याला दोन्ही सारखंच दिसत असलं तरी त्याचं मन मोडू नये म्हणून आपण "आता" म्हणतो. दुकानात वर कुठंतरी रेडिओ लागला होता. मी दोन अक्षरं वाचली, तिसऱ्यावर आले, आणि रेडिओतल्या बाईनं श्वास घेतला. मग ती गायला लागली. गाणं कुठलं ते मला नंतर कळलं. आधी ओळखू आला तो श्वास. तो त्या बाईंचा नव्हता, माझा होता.

"पुढचं अक्षर दिसत नाहीये का?" चष्मेवाल्यानं विचारलं. "दिसतंय." "मग वाचा की." "थांबा जरा, नीट ऐकू येत नाहीये," मी म्हणाले. तो बिचारा जरा चाचरत म्हणाला, कानाचे डॉक्टर समोरच्याच गल्लीत बसतात, चांगले आहेत. मी मान हलवली. मान हलल्याबरोबर जू घसरलं, सगळं दुकान दुहेरी झालं, आणि त्या दुहेरी दुकानात मोठ्या बाई, म्हणजे ज्यांच्या नावावर ते गाणं गाजलं त्या, दुसरं कडवं गात राहिल्या. बाईंचा आवाज नेहमीसारखा, तुपातला. पण त्या कडव्याच्या उंबऱ्यावर जे कुणी पोट भरून हवा आत ओढून उभं होतं, ती मी होते. सव्वा वर्षापूर्वीची, गळा शाबूत असलेली.

आपला श्वास आपल्याला कसा काय ओळखू येईल, असं कुणीही विचारील. मला येतो, त्याला माझं नाक कारण आहे. लहानपणी सायकलवरून तोंडावर पडले, तेव्हापासून नाकाचं हाड डावीकडे वळलेलं आहे. साधं बोलताना काही कळत नाही, पण लांब ओळीसाठी मी खालून, पार बेंबीपासून हवा भरून घेतली की शेवटी बारीक शिट्टी वाजते. कुणाला ऐकू जायची नाही. खटक्याला जायची. खटका म्हणजे आमचा रेकॉर्डिस्ट. सगळा स्टुडिओ त्याला खटकाच म्हणायचा, कारण आपण जीव ओतून गावं आणि त्यानं काचेपलीकडून मख्ख चेहऱ्यानं म्हणावं, "एक खटका आला, पुन्हा घेऊ." कुणाची बांगडी, कुणाचा गुडघा, एकदा तर संगीतकाराच्या पोटातली गुरगुर, काही म्हणून त्याच्या कानातून सुटायचं नाही. माझ्या शिट्टीवर त्याचा खास राग. "बाईसाहेब, तुझ्या नाकात रेल्वे आहे," म्हणायचा आणि रेकॉर्डिंगमधून माझा प्रत्येक श्वास शोधून शोधून कापून टाकायचा. पंधरा वर्षं त्यानं हे इमानेइतबारे केलं.

खरं म्हणजे कापायची तरी काय गरज होती, कारण माझं गाणं पुढं सगळंच पुसलं जायचं. मी डमी गाणारी. संगीतकाराच्या डोक्यात चाल तयार झाली की ती कुणीतरी नीट गाऊन द्यावी लागते, म्हणजे वादकांना तिच्याभोवती वाजवता येतं आणि मोठ्या बाईंना किंवा मोठ्या बुवांना घरी बसून ऐकून ती शिकता येते. मग ते येतात, माझ्या आवाजावर आपला आवाज घालतात, आणि माझा काढून टाकतात. लोकांना वाटतं, ही मनातून कुढत असणार. छे. कुढायला वेळ कुणाला होता? आणि दुसरं, सांगू नये पण सांगते, एक मजा होती त्यात. मोठी माणसं डमी ऐकतात ती नुसती चालीसाठी ऐकत नाहीत. मी कुठं थांबले, कुठला शब्द जरा ओढला, कुठं सुराला हलकेच खालून हात लावला, हे सगळं तसंच्या तसं उचलतात. एखादं गाणं गाजलं की वर्तमानपत्रात छापून यायचं, बाईंनी त्या अमुक शब्दावर काय जागा घेतली आहे! मी भाजी निवडता निवडता ते नवऱ्याला वाचून दाखवायचे आणि दोघं हसायचो. माझ्या जागांवर दुसऱ्यांचे बंगले उभे आहेत, असं नवरा म्हणायचा. तो घरांचे नकाशे काढतो, त्याला उपमाही तिथल्याच सुचतात.

चष्म्याचा नंबर अर्धवट टाकून मी बाहेर पडले. रस्ता तसाच होता, पण मला धड चालता येईना. आपल्याला वाटतं आपण एखादी गोष्ट नीट घडी घालून कपाटात ठेवली आहे. ते गाणं मी असंच ठेवलं होतं. ते बाजारात आलं, गाजलं, हे मला ठाऊक होतं. नवऱ्यानं त्या दिवसांत घरातला रेडिओ मुकाट्यानं उचलून माळ्यावर टाकला होता आणि मुलगी माझ्यासमोर हेडफोन लावूनच गाणी ऐकायची. रिक्षात ते लागलं तर मी उतरायचे. आणि आता मी बसस्टॉपच्या बाकावर बसून माझ्याच श्वासाचा हेवा करत होते. दुसरा शब्द नाही मला सुचत. तो श्वास किती बेफिकीर होता! पुढं हवा असणारच, ती स्वच्छ असणारच, आपण फक्त तोंड उघडायचं, अशा खात्रीनं घेतलेला. नवजात पोरसुद्धा इतक्या हक्कानं श्वास घेत नसेल.

त्या दिवशी दुपारी मी याच गाण्याचं दुसरं कडवं घटवत होते. जुना स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर होता. गायची खोली पॅसेजच्या टोकाला, तिला खिडकी नाही, भिंतींना जाड गाद्या, दार फ्रीजसारखं बंद होणारं. आत बसलं की बाहेर ढोल वाजले तरी पत्ता लागायचा नाही. खटका गाण्याचा तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत आणि रेकॉर्ड होत राहील असं लावून खाली सिगरेट ओढायला गेला होता. दारावर लाल दिवा. आमच्या धंद्यात त्या दिव्याची काय जरब असते ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. दिवा लागलेला असताना दार उघडलं म्हणजे चाळीस वादकांची मेहनत पाण्यात. नवीन आलेल्या माणसाला पाणी कुठं मिळतं हे सांगायच्या आधी हे सांगतात. खुद्द मालक, ज्याची इमारत, तोसुद्धा लाल दिव्यापुढं ताटकळत उभा राहिलेला मी पाहिला आहे. तर खालच्या मजल्यावर मीटरच्या खोलीत वायरी जळायला लागल्या. मला काय त्याचं? माझे डोळे मिटलेले, कानांवर हेडफोन, वर एसीची जाळी. लांब ओळ येणार म्हणून मी नेहमीसारखा बेंबीपासून श्वास घेतला, आणि जाळीतून आलेला तो काळा गरम धूर मी एका घोटात, पार तळापर्यंत आत घेतला. साध्या माणसाला ठसका लागला असता आणि त्यानं तोंड दाबलं असतं. मी गाणारी. मला अर्धा श्वास घ्यायला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. पुढचं मला आठवतं ते असं, की दार उघडलं, खटक्यानं मला खांद्यावर टाकलं, आणि हेडफोनची वायर ताणली जाऊन माझा कान दुखला. जिन्यावर मला फक्त त्या कानाची काळजी वाटत होती.

हॉस्पिटलात गळ्याला भोक पाडून नळी घातली होती. त्या नळीच्या दिवसांत एकदा खटका भेटायला आला. नवरा औषधं आणायला खाली गेला होता. खटका स्टुलावर बसला, उठला, पुन्हा बसला. मग एकदम म्हणाला, "मी आधीच आलो होतो." मी बघत राहिले. "जिन्यात धूर दिसला तसा पळत वर आलो. तुझ्या दारापाशी आलो. हँडलवर हात ठेवला. आणि दिवा लाल होता गं." त्यानं आपल्या हाताकडे बघितलं. "मला वाटलं, ओळ संपू दे. म्हणजे वाटलंसुद्धा नाही. हातच थांबला. मग उघडलं." तो रडत होता, नाक पुसत होता, आणि मी नुसती पडून होते. माझ्या गळ्यातून हवा जायची ती नळीतून, फुसफुस करत, आवाजाच्या वाटेला न जाता. माणसानं एवढं सांगावं आणि ऐकणाऱ्यापाशी उत्तर द्यायची सोयच नसावी! त्याला क्षमा करावी की उशी फेकून मारावी, हे ठरवायचीही ताकद नव्हती. नवरा औषधं घेऊन आला तेव्हा खटका निघून गेला होता. मी कुणाला काही सांगितलं नाही. नळी निघाल्यावर त्याचे फोन यायला लागले. ते मी घेतले नाहीत. काय बोलणार? यानंच मला मरणातून ओढून काढलं, आणि यानंच एक ओळभर वाट पाहिली. दोन्ही खरं होतं. एक धरून बसावं तर दुसरं टोचायचं.

मग सुरू झालं ते बरं होणं. आजारापेक्षा ते जास्त दमवतं, कारण त्यात सगळ्यांना खूश ठेवावं लागतं. आवाजाची एक डॉक्टरीणबाई होती, वयानं माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी. ती मला पाण्याच्या ग्लासात नळीनं बुडबुडे काढायला लावायची. मी बुडबुडे काढले की टाळ्या वाजवायची. मी "आ" म्हटलं की "वा!" म्हणायची. घरी आले की नवरा विचारायचा, आज काय काय केलं, आणि मी जे काही घोगरं फाटकं करून दाखवीन त्याला डोळ्यांत पाणी आणून "छान! कालच्यापेक्षा खूपच छान!" म्हणायचा. त्याच्या प्रेमाबद्दल मला रतीभर शंका नाही. पण ते "छान" ऐकलं की माझ्या अंगावर शहारा यायचा. मी लहान मूल नव्हते, मी सुरावर पोट भरणारी बाई होते, आणि मला चांगलं ठाऊक होतं की जे निघालं ते भंगार आहे. एक मुलगीच काय ती खरं बोलायची. "आई, फोनवर तू बोललीस की माझ्या मैत्रिणींना बाबा वाटतात." तेव्हा मी खदखदून हसले होते, आणि नवऱ्यानं तिला आत नेऊन रागावल्याचं मला ऐकू आलं होतं.

गेल्या महिन्यात मोठ्या डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घालून गळा पाहिला. म्हणाले, "जखमा भरल्यात. आवाज पूर्वीचा येणार नाही, जाड राहील, वरचे सूर गेले म्हणायला हरकत नाही. पण आहे तो आवाज गाण्याजोगा आहे." मी म्हटलं, "मग ओळ का पुरी होत नाही? अर्ध्यात संपते." त्यांनी कागदपत्रं उलटसुलट केली. "फुप्फुसं स्वच्छ आहेत तुमची. हवा पुरत नाही, कारण तुम्ही ती घेतच नाही. वरच्यावर घेताय, पिशव्या घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखी." ते खरं होतं. घरी येऊन दार लावून मी प्रयत्न केला. पोटावर हात ठेवला, हळूहळू हवा ओढली. गळपट्टीपर्यंत आली, छातीत उतरली, आणि तिथं कुणीतरी आतून दार लावून घेतलं. घाम फुटला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी, बाहेर सकाळची कोवळी हवा, आणि माझं शरीर म्हणत होतं, नको, मागच्या वेळी काय आत आलं होतं आठवतंय ना? त्याला कसं समजवायचं? शरीर काही आपलं ऐकत नाही, आपल्यालाच त्याचं ऐकावं लागतं. त्या दिवशी मी ठरवून टाकलं की गाणं संपलं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यालाही कुणीतरी छान म्हणालं असतं.

आणि आता बसस्टॉपच्या बाकावर कळत होतं की ते जे माझ्याकडून गेलं, ते गेलेलंच नाही. ते रेडिओवर चालू आहे. चष्म्याच्या दुकानात, रिक्षांत, परक्या लोकांच्या स्वयंपाकघरांत माझा तो एक श्वास रोज घेतला जातोय, आणि मी मात्र इथं वरवरची हवा खात बसलेय. मला एकदम इतका राग आला की बस आली तरी उठले नाही. खटक्याच्या हातून एवढी चूक? ज्याला गुडघ्याचा आवाज ऐकू जातो त्याला माझी शिट्टी ऐकू गेली नाही? मी रिक्षा केली.

त्याच्या नव्या स्टुडिओबद्दल मुलीकडून ऐकलं होतं, टायरच्या दुकानामागं, तळमजल्यावर. तळमजला सोडून दुसरी जागा तो आता बघतच नाही, म्हणे. मी गेले तेव्हा तो एकटाच होता, लिफ्टमध्ये वाजणारी वाक्यं नीट करत बसला होता. "कृपया दारापासून दूर राहा, कृपया दारापासून दूर राहा," असं यंत्रातली बाई म्हणत होती. मला बघून तो उठला आणि त्याचा चष्मा टेबलावर पडला. केस पांढरे झाले होते. आधी वाटलं, आत शिरूच नये. मग दिसलं की गायच्या खोलीला दारच नाही. चौकट होती, बिजागऱ्यांच्या खुणा होत्या, दाराच्या जागी दोन जाड ब्लँकेटं टांगलेली होती. चौकटीवर दिवाही नव्हता.

"बस ना," तो म्हणाला.

"बसायला नाही आले. ते गाणं लाव. दुसरं कडवं."

कुठलं गाणं, असं त्यानं विचारलं नाही. लावलं. वाद्यं वाजली, थांबली, माझा श्वास आला, शिट्टीसकट, आणि बाई गायला लागल्या. त्यानं तिथंच थांबवलं.

"हा माझा आहे," मी म्हटलं.

"हो."

"म्हणजे तुला माहीत होतं!"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार?" तो खुर्चीत बसला. "बाईंचं सगळं गाऊन झालं. त्यांचा त्या जागेवरचा श्वास चिरकला होता, म्हणून काढला. तर तिथं भोक पडलं. शांतता नाही गं, भोक. खालच्या ट्रॅकवर तुझं डमी होतं, आगीतून वाचलेलं. त्यातला तेवढा उचलून लावून बघितला. बसला. म्हटलं उद्या काढू. दुसऱ्या दिवशी कापायला बसलो. पंधरा वर्षं तुझी ती रेल्वे कापत आलो, त्या दिवशी हात होईना."

"हात होईना," मी म्हणाले. "तुझा हात फार सोयीनं थांबतो रे."

हे मी ठरवून बोलले नव्हते. ते बोलून गेल्यावर खोलीत टायरवाल्याच्या हवेच्या पंपाचा आवाज तेवढा राहिला. त्याचा चेहरा पडला, पण मला बरं वाटलं नाही. उलट एकदम थकल्यासारखं झालं. माणूस भांडायला म्हणून येतो, एक वाक्य टाकतो आणि मग पुढं काय करायचं ते त्याला ठाऊक नसतं. मी स्टुलावर बसले. त्यानं पाणी आणून दिलं. शेवटी तोच म्हणाला, माझ्याकडे न बघता, "एक डमी करायचंय. येणारी मुलगी तापानं पडलीय. संध्याकाळी वादक मागतायत. खालच्या पट्टीतलंच आहे." "मी गात नाही," मी म्हटलं. "नको गाऊस. चाल ऐक नुसती." आणि त्यानं संगीतकारानं गुणगुणून पाठवलेली चाल लावली. ती चाल काय वर्णावी! एखादा म्हातारा रेडा पाण्यात बसून गात असावा तसं ते होतं. पण त्या रेकण्याच्या खाली एक चांगली वळणदार ओळ होती, लांब, जिन्यासारखी खाली खाली उतरत जाणारी. रेड्याला ती दिसतच नव्हती, तो मधल्या पायरीवर धडपडत होता. "अरे, इथं थांबायचं नाहीये त्याला," मी म्हणाले. "कुठं?" खटका म्हणाला. "अरे इथं, या शब्दावर. पुढं जायचंय." "कसं?" त्यानं इतक्या भोळेपणानं विचारलं की डाव माझ्या लक्षात यायला हवा होता. आला नाही. मी ब्लँकेट बाजूला करून आत गेले होते.

आत उभी राहिले. तोच माइक, किंवा त्याच जातीचा. वर बघितलं, जाळी नव्हती, साधा पंखा होता, तोही बंद. ब्लँकेटाच्या फटीतून त्याचा खांदा दिसत होता आणि रस्त्यावरचं ऊन. टायरवाला कुणाला तरी शिव्या देत होता, तेही स्पष्ट ऐकू येत होतं. हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये येणार, मी मनात म्हटलं, आणि खटका काही बोलत नाहीये. मी हेडफोन एका कानावरच ठेवला. सूर आला. मी सुरुवात केली. आवाज निघाला तो मला परका वाटला, जाड, कडेनं खरबरीत, कुणा दुसऱ्या बाईनं माझ्या तोंडातून बोलावं तसा. ओळ निम्म्यावर आली आणि हवा संपली. पुन्हा केलं. पुन्हा त्याच पायरीवर संपली. छातीपाशी ते आतलं दार घट्ट. तिसऱ्यांदा तर मी शब्दाच्या मधोमध तुटले, आणि काय निघालं ते मलाच ऐकवेना.

"छान," खटका बाहेरून म्हणाला. "छान आहे. होईल इतक्यावर काम."

आधी मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग डोक्यात जाळ झाला. घरात छान, दवाखान्यात छान, आणि आता हा. ज्यानं पंधरा वर्षांत मला एकदाही छान म्हटलं नाही, ज्याच्या "पुन्हा घेऊ"च्या जोरावर मी गाणारी झाले, तो माणूस तुटलेल्या शब्दाला छान म्हणत होता. म्हणजे त्याच्या लेखी मी मेले होते. मेलेल्या माणसाबद्दलच कुणी वाईट बोलत नाही.

"काय छान आहे त्यात?" मी ओरडले. "लाज नाही वाटत? तेव्हा दार नाही उघडलंस! मी आत मरत होते आणि तू ओळ संपायची वाट बघत होतास! का नाही उघडलंस दार?"

माझा आवाज त्या गाद्यांच्या भिंतींवर आपटला. सव्वा वर्षांत मी ओरडले नव्हते. पुन्हा ओरडले, तेच वाक्य, आणखी मोठ्यानं, आणि त्या ओरडण्याच्या आधी शरीरानं मला न विचारता हवा ओढली. नाकात शिट्टी वाजली. पोट फुगलं, बरगड्या कुरकुरल्या, हवा पार खाली उतरली. जुन्या ब्लँकेटाची, धुळीची, रबराची, त्या भिकार गल्लीची हवा. तिनं काही केलं नाही मला. ती नुसती आत येऊन थांबली.

ब्लँकेटापलीकडे तो उभा राहिला होता. "माहीत नाही," तो म्हणाला. "रोज विचारतो स्वतःला. मला खरंच माहीत नाही." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. आणि मला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्याची कीव आली, म्हणजे माया आली म्हणते मी, कारण तो खोटं बोलला नव्हता. उत्तर नव्हतंच त्याच्याकडे. मी सव्वा वर्ष एका उत्तराची वाट बघत फोन टाळत होते आणि ते उत्तर जगात कुठं नव्हतंच. त्या दिव्यापुढं माझाही हात थांबला असता की नाही, मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी माइकचा दांडा धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलं नाही, कारण हात सोडला असता तर बसावं लागलं असतं.

"लाव," मी म्हटलं.

"आता?"

"मग कधी? संध्याकाळी वादक मागतायत ना?"

त्यानं लावलं. मी थांबले. ओळ येईपर्यंत मी हवा घेतली, या वेळी जाणूनबुजून, भीत भीत. आतलं दार किलकिलं झालं. पूर्वीसारखं सताड उघडलं नाही, पूर्वीसारखा तो बेफिकीर हक्कही नव्हता. मी हवेला हात जोडून आत या म्हणत होते. ती आली. मी त्या जाड, खरबरीत आवाजात गायला लागले, पायरी पायरी उतरत, ज्या पायरीवर तुटत होते तिच्यावर पाय ठेवला, पुढं गेले, आणखी पुढं गेले, आणि अगदी शेवटी, हवेच्या तळाशी, शेवटचा शब्द ठेवला. तो माझा जुना आवाज नव्हता. पण ओळ पुरी झाली होती. हेडफोनमध्ये शांतता पसरली. ती लांबली. मला वाटलं हा आता रडणार, मग मीही रडेन, मग आमचं सगळंच राहून जाईल.

"शेवटचा सूर खाली राहिला," खटका म्हणाला. मख्ख. "पुन्हा घेऊ."

"कुठं खाली राहिला?" मी फणकारले. "ऐकव."

त्यानं ऐकवला. खालीच होता.